सबटायटल पार्सर: टेस्टचा आकडा आधी जाहीर करायचा का?

या टप्प्यात पार्सरच्या, म्हणजे सबटायटलच्या फाइली वाचणाऱ्या माझ्या पर्ल प्रोग्रॅमच्या, कोडला हात लावला नाही. सगळा वेळ टेस्टवर, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप बघणाऱ्या तपासण्यांवर गेला, आणि त्यातही एकाच प्रश्नावर: टेस्ट फाइलच्या माथ्यावर 'इतक्या टेस्ट होणार' असं आधीच लिहून ठेवावं का?

ज्यांचा पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तिथली टेस्ट फाइल '१..२३' अशी एक ओळ छापते, आणि मग प्रत्येक तपासणीमागे 'ओके' किंवा 'नॉट ओके'. ही ओळ म्हणजे प्लॅन. २३ कबूल करून २० च 'ओके' आले, तर त्यात एकही 'नॉट ओके' नसला तरी फाइल नापास. याच पद्धतीला पुढे टॅप, म्हणजे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल, असं नाव पडलं. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण न झालेली टेस्ट स्वतःहून काहीच बोलत नाही.

पण आकडा सांभाळणं कटकटीचं असतं. दोन ब्रांचवर, म्हणजे कोडच्या दोन समांतर प्रतींवर, दोन-दोन टेस्ट वाढवल्या, दोन्हीकडे ४१ चे ४३ केले. मर्ज करताना, म्हणजे त्या एकत्र करताना, गिटला (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या टूलला) दोन्ही बदल सारखेच दिसतात, त्यामुळे त्या ओळीवर ते कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, दाखवत नाही. प्रत्यक्षात टेस्ट ४५ झालेल्या असतात आणि कोडमध्ये काहीही बिघडलेलं नसताना फाइल लाल, म्हणजे नापास, होते. असं वारंवार झालं की माणूस विचार न करता आकडा बदलून मोकळा होतो, आणि मग त्या आकड्याला अर्थच उरत नाही.

म्हणून दोन प्रयोग मुद्दाम केले. पहिल्यात टेस्ट फाइलच्या मधोमध 'एक्झिट ०' घातलं, म्हणजे 'सगळं ठीक' सांगून प्रोग्रॅम तिथेच थांबवला. पर्लमध्ये टेस्ट लिहायला वापरतात त्या टेस्ट-मोअर मॉड्यूलचा जुना 'नो प्लॅन' पर्याय प्लॅनची ओळ शेवटी, जेवढं झालं तेवढं मोजून छापतो. त्यामुळे अर्ध्या टेस्ट राहूनही सगळं हिरवं! २००९ मध्ये आलेलं 'डन टेस्टिंग', म्हणजे फाइलच्या शेवटी 'टेस्ट संपल्या' असं सांगणारी ओळ, इथे बरोबर पकडतं. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलोच नाही, म्हणजे नापास. आकडा नाही तरी काम झालं.

दुसऱ्या प्रयोगात नमुना फाइलींचं फोल्डर रिकामं केलं. एकेक फाइल घेऊन टेस्ट चालवणारा लूप एकदाही फिरला नाही, पण त्याच्या आधीच्या चार टेस्ट पास झाल्या, शेवटची ओळही आली, आणि 'डन टेस्टिंग'ला काही वावगं वाटलं नाही. लिहून ठेवलेला आकडा असता तर हे लगेच कळलं असतं. मात्र तो हातानेच लिहिलेला हवा. अनेक जण फाइलींच्या यादीची लांबी मोजून त्यावरून प्लॅन ठरवतात. यादी रिकामी झाली की प्लॅनही तेवढाच खाली येतो, मग तो कशावर लक्ष ठेवणार?

यावर माझा निर्णय असा: पूर्ण फाइलचा आकडा काढून टाकायचा. नमुन्यांची नावं टेस्टमध्येच लिहायची आणि प्रत्येक फाइल जागेवर आहे का, ही वेगळी टेस्ट ठेवायची. '३१ ठरल्या होत्या, ४ झाल्या' यापेक्षा 'अमुक फाइल सापडली नाही' हा निरोप कितीतरी उपयोगी आहे.

पार्सरच्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या आवृत्तीत (पोर्टमध्ये) मात्र आकडा ठेवलाय, पण एकेका टेस्टपुरता. उदाहरणार्थ '००:०१:७५,०००' ही वेळ. ७५ सेकंद असू शकत नाहीत, त्यामुळे पार्सरने एरर फेकायलाच हवी. टेस्टमधली एकमेव तपासणी कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर आली तरच चालणाऱ्या भागात आहे. पार्सरने ही वेळ निमूटपणे स्वीकारली तर कॅचमध्ये कोणी जातच नाही, आणि जेस्ट हे जावास्क्रिप्टचं टेस्ट टूल ती टेस्ट पास ठरवतं. सुरुवातीला 'एक्स्पेक्ट असर्शन्स १' (एक तपासणी व्हायलाच हवी) असं लिहिलं की ती नापास होते. क्यूयुनिट या दुसऱ्या टूलमध्ये हेच काम 'असर्ट एक्स्पेक्ट' करतं, टेप नावाच्या टूलमध्ये 'प्लॅन'. आकडा एक किंवा दोन, तपासणीपासून चार ओळींवर. मर्जचा त्रासही जवळपास नाहीच, कारण त्या टेस्टला कोणी हात लावला तरच तो बदलतो.

आता पर्लच्या बाकीच्या टेस्ट फाइलींतले आकडे काढतोय. ज्या फाइलीत लूप किंवा कॉलबॅक (दुसऱ्या कोडने नंतर बोलवायचं फंक्शन) नाही तिथे 'डन टेस्टिंग' लावून थेट पुढे जातो. कॉलबॅकवाल्या फाइली शेवटी घेणार आहे. त्यातल्या प्रत्येक टेस्टचं सबटेस्ट (फाइलीच्या आत वेगळी मोजली जाणारी छोटी टेस्ट) करून तिचा छोटा प्लॅन आत ठेवायचा विचार आहे.