घाटात गाडी ठणठणीत, सपाटीला झटके: थ्रॉटल सेन्सर सापडला तो अनुभव

आमची गाडी २०१० ची आहे, पेट्रोल, अ‍ॅक्सिलरेटरला अजून केबलच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक खोड लागली. चौथ्या गिअरमध्ये ५०-५५ ला पाय स्थिर ठेवला की मध्येच एक झटका, कुणीतरी क्षणभर चावी बंद करून परत चालू केल्यासारखा, आणि मग दोन-तीन किलोमीटर काहीच नाही. आईला मानेचा त्रास आहे, ती शेजारी बसलेली असली की प्रत्येक झटक्याला माझ्याच पोटात गोळा यायचा.

गॅरेजला आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी पाती असते तो भाग, साफ केला, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले, "दादा, फ्युएल पंप गेलाय, सहा-सात हजार धरून चला."

मी हो म्हणणारच होतो पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात पुण्याहून साताऱ्याला गेलो होतो, खंबाटकी घाट चढताना गाडीत चौघं, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये पाय चांगला दाबलेला, आणि गाडीने एकदाही मान टाकली नाही. घाट उतरून सुरूरच्या पुढे सपाट रस्ता लागला आणि झटके सुरू. आता पंप कमजोर असेल तर पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तिथे, म्हणजे चढावरच गाडी अडायला हवी ना? इथे तर उलटंच, पाय हलका असला की त्रास.

चुलतभावाकडून ब्लूटूथवाला स्कॅनर आणला, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला. चेक इंजिनचा लाईट लागला नव्हता तरी आत एक पेंडिंग कोड (नोंदलेला, पण अजून पक्का न झालेला बिघाड) होता, पी ०१२२, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, थ्रॉटलची पाती किती उघडली ते सांगणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल कमी येतोय. पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही हां, वायर तुटकी असेल, कपलर (वायरींचा जोड) सैल असेल, तरी हाच कोड येतो, म्हणून तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरवलं.

सेन्सरला तीन वायरी असतात, एकीवर ५ व्होल्ट येतात, एक अर्थिंगची, आणि तिसरी सिग्नलची. चावी ऑन, इंजिन बंद, हातात व्होल्ट मोजायचा डिजिटल मीटर. ५ व्होल्ट बरोबर, अर्थिंगही बरोबर, वायरिंग हलवून हलवून बघितली, काही फरक नाही. मग कपलरच्या मागून सिग्नलच्या वायरीला टाचणी लावली, थ्रॉटल बंद असताना ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, अगदी जसं पाहिजे तसं. डिजिटल मीटरवर सगळं ओके, मी जवळजवळ हात टेकले होते.

मग वडिलांचा जुना काट्याचा मीटर आठवला. तो लावला, आणि थ्रॉटलची पाती बोटाने अगदी सावकाश फिरवायला लागलो, काटा चढतोय चढतोय, एक व्होल्टच्या जरा पुढे गेला आणि टपकन खाली पडून लगेच परत वर आला. परत केलं, त्याच जागी परत तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा. डिजिटलचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, त्यात हे पडणं निसटत होतं. थ्रॉटल जेमतेम उघडलेलं असतं तीच ही जागा, आपण सपाटीला ५०-५५ ने जाताना पाय नेमका तिथेच असतो. रोज तिथेच घासून आतला कार्बनचा पट्टा झिजतो, सिग्नल पडला की इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं पाय उचलला, तो पेट्रोल तोडतो, आणि झटका. घाटात पाय त्या जागेच्या पलीकडे असतो म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी चालते.

नवीन सेन्सर नऊशेला मिळाला. दोन स्क्रू, दहा मिनिटांचं काम, पण स्क्रू जुने असतील तर घाई करू नका, डोकं गेलं की थ्रॉटल बॉडीच उतरवावी लागते. बसवल्यावर परत काटा लावून बघितला, खालपासून वरपर्यंत एकसारखा गेला. तेव्हापासून आईला दोनदा साताऱ्याला नेऊन आणलं, एक झटका नाही.

जुना सेन्सर फोडला तर काळ्या पट्ट्यावर तेवढ्याच जागी फिकट घासलेली रेघ होती. तो घेऊन गॅरेजला गेलो, मालकांनी उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दादा, तो काट्याचा मीटर उद्या घेऊन या ना, अजून एक गाडी अशीच उभी आहे, तिचा पंप सोडवायचा होता आज."