लेकराला वाटीनं दूध प्यायला शिकवलं, माझा अनुभव

मी परभणीत राहते आणि जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते, रोजचं अप-डाऊन आहे. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची, आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच पाजायचं, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं. ते ठीक, पण रजा संपली की लेकरू मी घरी नसताना माझं काढून ठेवलेलं दूध कशानं पिणार? आमची पोरगी इतकी अंगावरची की दुसरं काही तोंडाजवळ नेलं की मान फिरवायची.

घरात, शेजारी सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव बाटलीचं. डॉक्टर मॅडमनी सरळ नाही म्हणलं. बाटलीच्या निपलमध्ये, मानेत दुधाचा थर राहतो, तो नीट निघत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातनं जुलाब लागायला वेळ लागत नाही. शिवाय बाटलीतनं ओढायची पद्धत वेगळी असते, काही लेकरं मग अंगावर प्यायला कुरकुर करतात. त्या म्हणल्या, बाटलीच्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे ती उगीच नाही. मग काय तर साधी स्टीलची छोटी वाटी नाहीतर पातळ काठाचा छोटा पेला. साबणानं आणि गरम पाण्यानं धुतला की आतलं सगळं दिसतं, लपून राहायला जागाच नाही. आणि कमी दिवसाच्या, वजन कमी असलेल्या बाळांना पण दवाखान्यात वाटीनं पाजतात म्हणे, मग आमची तर चांगली गुटगुटीत होती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी लगेच पेटीतनं चांदीचं बोंडलं काढलं, आमच्या ह्यांना त्यानंच पाजलेलं. त्यांचा त्यात जीव होता आणि मला ते कळत होतं. पण बोंडल्याची धार थेट तोंडात सोडली, त्यात लेकरू आडवं असलं, तर ठसका लागू शकतो, म्हणून मी त्यांना दवाखान्यातच सोबत नेलं आणि मॅडमनी त्यांनाच करून दाखवलं. हे लई बरं झालं, कारण पाजणार त्याच होत्या.

पद्धत अशी. लेकरू पूर्ण जागं पाहिजे आणि मांडीवर जवळजवळ सरळ बसवायचं, मानेला पाठीला हाताचा आधार, हात मधे येऊ नयेत म्हणून अंगाभोवती दुपट्यात हलके गुंडाळायचे. वाटी अर्धी भरायची. काठ खालच्या ओठावर हलकासा टेकवायचा आणि वाटी इतकीच कलती करायची की दूध ओठाला लागेल. बस्स, मग थांबायचं. ओतायचं नाही! लेकरू स्वतः जिभेनं चाटतं नाहीतर ओठानं सुर्रकन ओढतं, गिळतं, दम खातं, परत पितं, आणि ते दम खातं तेव्हा वाटी काढून घ्यायची नाही, तशीच ओठाला ठेवायची. तोंड मिटलं, मान फिरवली की झालं त्याचं. माझ्या मते सगळं शिकणं या थांबण्यातच आहे आणि ते लेकराला नाही, आपल्याला शिकावं लागतं, कारण आपल्याला घाई असते की एवढं तरी पोटात जाऊ दे.

आम्ही रजा संपायच्या महिनाभर आधी सुरू केलं. मी समोर असले की ती माझ्याकडंच झेपायची, दुधाचा वास येतो ना लेकरांना, म्हणून मी दुसऱ्या खोलीत जायची आणि आत्या घ्यायच्या. वेळ पण बघावी लागते, कडकडून भूक लागलेली असताना शिकवायला गेलं की नुसती रडारड, म्हणून झोपेतनं उठून जरा खेळली की मग. सुरुवातीला घोटभर पोटात आणि बाकीचं गळपट्टीवर. आत्या आतनं ओरडायच्या, “अगं निस्ती सांडायली की ही!” मी म्हणायची सांडू द्या आत्या, रडली की थांबा फक्त, जबरदस्ती नको. मग एक दिवस तिनं स्वतः दोन्ही हातानं वाटी धरून तोंडाकडं ओढली आणि आत्यांनी मला हाक मारून बोलवलं, डोळे भरून आलेले त्यांचे.

दूध हातानंच काढायची. आधी हात साबणानं धुवायचे, उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी घ्यायची, अंगठा वर आणि बोटं खाली स्तनाच्या काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडं दाबायचं मग बोटं जवळ आणायची, घासायचं नाही. लेकरू जवळ असलं, त्याच्याकडं बघत काढलं की पान्हा लवकर फुटतो. एप्रिलात परभणीत पारा ४२ च्या वर जातो, तिथं बाहेर ठेवायचा भरवसा नाही, म्हणून काढलं की लगेच झाकण लावून फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, आणि २४ तासात संपवायचं. पाजताना भांडं कोमट पाण्यात ठेवायचं, गॅसवर तापवायचं नाही, उष्टं उरलेलं परत ठेवायचं नाही. एकदा आत्यांचा शाळेत फोन आला की दूध नासलंय, वर पिवळसर थर आलाय, टाकून देऊ का? ती साय असते, ठेवल्यावर वर येते, हलक्या हातानं भांडं फिरवलं की मिसळते. हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एवढ्या मेहनतीनं काढलेलं दूध मोरीत जातं.

शाळा तेव्हा सकाळची होती, त्यामुळं दुपारी मी घरी. तरी मधल्या सुट्टीत छाती भरून यायची, दुखायची, गाठी होऊ नयेत म्हणून ऑफिसच्या खोलीत दार लावून थोडं काढून टाकायची, बरोबरच्या मॅडम दाराशी थांबायच्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. घरी पोरगी वाटीनं कधी भरपूर प्यायची तर कधी चार घोट, आणि आत्यांचा जीव टांगणीला. डॉक्टर मॅडमनी सांगितलं एका वेळेचं मोजू नका, २४ तासाचं बघा. खरंच, दिवसा कमी पिलं की रात्री ती मला उठवून उठवून अंगावर प्यायची, झोपेचं खोबरं झालं पण वजन छान वाढत होतं आणि शू नेहमीसारखीच होत होती.

सहा महिने झाल्यावर घट्ट वरण-भात, कुस्करून मऊ केलेली ज्वारीची भाकरी सुरू केली आणि पाणी त्याच पेल्यातनं, ते तिला वेगळं शिकवावं लागलंच नाही. जूनमध्ये शाळा पूर्ण वेळ झाली तोवर ती खायला लागली होती, माझ्या माघारी वाटीचं दूध एकदोनदाच लागायचं. शेजारचे म्हशीच्या दुधात पाणी घालून द्या म्हणतात, पण वर्षाच्या आत ते प्यायला द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. वर्षानंतर देऊ, ते पण पेल्यातनंच, बाटली घरात आणायची नाही हे आता आत्याच सगळ्यांना सांगतात.