ओ, यू, जी, एच आणि आमच्या बाई

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द लिहा’ असं समितीचं पत्र आलं आणि त्याच रात्री लिहायला बसलो. शाळेविषयी म्हणजे खरं तर बाईंविषयी. आमच्या वेळी शाळेत शिक्षिका आणखीही होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या इंग्रजीच्या बाई. मोठ्या सरांविषयी आणि ड्रिलच्या सरांविषयी बाकीचे लिहितीलच.

१९७२ साली आम्ही आठवीत होतो. त्या दुष्काळी वर्षाबद्दल आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्गातली निम्मी मुलं आईवडिलांबरोबर खडी फोडायला नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. घरी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. अशा वर्षी बाईंनी एके दिवशी फळ्याच्या मधोमध ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं लिहिली, भोवती गोल काढला आणि म्हणाल्या, “यातून यंदाचं आपलं सगळं गाव निघतं, बघा.”

पहिला शब्द लिहिला ‘ड्राउट’. दुष्काळ. मग ‘प्लाउ’, नांगर. ‘ट्रॉफ’, गुरांना पाणी पाजायची डोण. ‘डो’, मळलेलं पीठ. मिलोच्या पिठाची भाकरी थापताना कशी तुटते हे त्यांनी वर्गातल्या मुलींनाच सांगायला लावलं. ‘रफ’ म्हणजे खडबडीत, ‘टफ’ म्हणजे चिवट, ‘कॉफ’ म्हणजे खडीच्या धुळीने लागतो तो खोकला. ‘इनफ’ म्हणजे पुरेसं, हा शब्द लिहून त्या काही बोलल्या नाहीत, पुढे गेल्या. ‘बॉट’ आणि ‘ब्रॉट’मध्ये सगळा वर्ग गोंधळायचा. बाई म्हणाल्या, “पैसे मोजले तर बॉट. नुसतं आणलं तर ब्रॉट, त्यात आर असतो. विहिरीचं पाणी ब्रॉट, टँकरवाल्याकडून विकत घेतलं तर बॉट.” त्यानंतर आमच्या तुकडीत ते दोन शब्द कोणी चुकवल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या बाकावरच्या आमच्या एका मित्राने तेव्हा हात वर केला. “बाई, अक्षरं तीच चार. मग कुठे फ होतो, कुठे ऊ होतो, कुठे काहीच ऐकू येत नाही, असं का?” दुसरं कोणी असतं तर ‘पाठ कर’ म्हणून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, “प्रश्न चांगला आहे. बघून सांगते.” आणि पुढच्या शनिवारी तालुक्याला जाऊन वाचनालयातून पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाड पुस्तक घेऊन आल्या. पण तोवर तो मित्र घरच्यांबरोबर खडीवर गेला होता. आम्ही रोज विचारायचो, “बाई, सांगा ना.” त्यांचं उत्तर ठरलेलं, “प्रश्न त्याचा आहे. तो आल्यावर.” पुस्तक टेबलावर तसंच असायचं.

तो आला तो हाताला चिंध्या बांधून. बाईंनी हजेरी घेतली, पुस्तक उघडलं आणि त्याच्याकडे बघून बोलायला लागल्या. पूर्वीचे इंग्रज हा जी-एच खरोखर उच्चारायचे, घशातून, आपल्या ख च्या जवळपास. पुढे तो उच्चार जिभेला नकोसा झाला. काही शब्दांतून तो गळाला, म्हणून ‘दो’ म्हणजे जरी आणि ‘थ्रू’ म्हणजे मधून. काही शब्दांत त्याचा फ झाला, म्हणून ‘टफ’ आणि ‘कॉफ’. मधल्या काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टन नावाच्या इंग्रज मुद्रकाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील शब्दाचं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि बोलणं पुढे निघून गेलं. तासाभराचं हे सगळं उत्तर त्या एका मुलासाठी होतं, आम्ही बाकीचे फक्त ऐकत होतो. आज मी इतक्या प्रशिक्षणांना बसलो, इतक्यांना शिकवलंही, पण प्रश्न विचारणाऱ्याचा असा मान राखलेला पुन्हा कुठे पाहिला नाही.

पुढे कृषी खात्यात लागलो आणि उपसंचालक म्हणून निवृत्त झालो. जन्मभर अहवाल इंग्रजीत लिहिले. ‘दो’, ‘थ्रू’, ‘थॉट’ आणि ‘थरो’ हे शब्द भल्याभल्यांच्या मसुद्यात एकमेकांच्या जागी येऊन बसायचे. बाईंनी प्रत्येकाला त्याचा अर्थ आणि एक वाक्य देऊन बसवलं होतं. ‘थरो’ म्हणजे कसून केलेलं, त्याचं वाक्य होतं, बांधावर उभं राहून शेत कळत नाही, आत जाऊन बघितलं तरच पाहणी थरो. शेतकी अधिकाऱ्याला याहून वेगळं काय शिकवायचं?

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलो होतो. तिथून जवळच लॉख ने नावाचं सरोवर आहे, सुमारे ३९० चौरस किलोमीटरचं, ब्रिटन आणि आयर्लंडच्या सगळ्या बेटांमधलं सर्वांत मोठं. पाटीवर स्पेलिंग एल, ओ, यू, जी, एच. मी मुद्दाम तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना नाव उच्चारायला सांगितलं. त्यांनी घशातून स्पष्ट ख काढला. बाईंनी वर्गात काढून दाखवला होता तोच. मुलीला तिथेच काठावर उभं करून सगळी गोष्ट सांगितली. हे बाईंना कळवायला हवं होतं, पण त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आता पहिलीपासून इंग्रजी आहे, २००० सालापासून. मुलं आमच्यापेक्षा कितीतरी धिटाईने बोलतात, त्याचं कौतुकच आहे. पण शब्द वहीत उतरवून समोर अर्थ लिहायची सवय गेली. स्पेलिंग मोबाइल दुरुस्त करतो आणि अर्थासाठी चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. मला हे पटत नाही. मागच्या वर्षी शाळेत आलो तर आठवीच्या वर्गातला भिंतीएवढा काळा फळा काढून तिथे स्क्रीन बसवलेली दिसली. फार वाईट वाटलं.

समितीला एवढीच विनंती, स्क्रीन राहू द्या, पण शेजारच्या भिंतीवर एक काळा फळा पुन्हा करून घ्या आणि त्याला बाईंचं नाव द्या. खर्च माझा. दरवर्षीचे खडूही मी देईन. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत काम व्हावं, गवंडी मी गावातलाच बघून ठेवला आहे.