घरात पोटाची साथ

आधी धाकटी, मग सासूबाई, आज पहाटे नवरोबा. उलट्या-जुलाबांनी घराचा ताबा घेतलाय आणि एकुलत्या एका संडासापुढे नंबर लागलेत. मी अजून उभी आहे, म्हणजे स्वयंपाक, शुश्रूषा आणि धुणं, सगळं माझ्याच गळ्यात.

डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. अंगातलं पाणी तेवढं कमी होऊ देऊ नका. ओआरएसची मोठी पुडी अख्खी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अंदाजाने पेल्यात थोडी-थोडी ढवळली की मिठाचं प्रमाण बिघडतं. धाकटीला चमच्या-चमच्याने, उलटी झालीच तर 10 मिनिटं थांबून पुन्हा. शिवाय 14 दिवस झिंक. सासूबाईंना मात्र 'ते गुळमट पाणी' नको. त्यांना पेज, वर चिमूटभर मीठ. चालतंय की!

आणि हो, सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरस, म्हणजे अशा उलट्या-जुलाबांमागचा नेहमीचा विषाणू, त्याला फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणीच. संडास-बाथरूमला ब्लीच, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा.

शेजारच्या काकू 'मसालेभात पाठवू का?' विचारून गेल्या. मसालेभात! कुणी मऊ भात-मेतकूट पाठवणार असेल तर डबा दारातच ठेवा, बेल वाजवा आणि पळा.