आमची वाटचाल: साठ व्होल्टची फिल्म

“तुमची फिल्म साठ व्होल्ट मागते, त्यांची चाळीसवर चालते.” हे वाक्य ऐकवत ज्या वर्षी एकेक इंटिरियरवाला आमच्या ऑर्डरी काढून घेऊन गेला, त्या वर्षाबद्दल आधी लिहितो. त्याआधीची आणि नंतरची वर्षं काम करण्यात गेली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आम्ही पीडीएलसी फिल्म बनवतो. बाजार तिला ‘स्मार्ट फिल्म’ म्हणतो: काचेला लावली की स्विच चालू असताना काच स्वच्छ, बंद केला की पांढरी. लिक्विड क्रिस्टल (विजेने ज्याचे रेणू वळवता येतात असा द्रव) आणि प्रीपॉलिमर (पकवल्यावर घट्ट पॉलिमर होणारा द्रव) यांचं सिरप दोन आयटीओ फिल्मच्या, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या फिल्मच्या, मधे रोलरखालून दाबायचं आणि यूव्ही लॅम्पखाली पकवायचं. पॉलिमर घट्ट होताना क्रिस्टल थेंबाथेंबाने वेगळा होतो. ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात डोन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली या थेंबांवरचा निबंध छापला. आमचा सगळा धंदा त्या थेंबाच्या मापावर उभा आहे.

शेजारच्या एमआयडीसीतला एक पुरवठादार बाहेरून तयार रोल आणून विकू लागला आणि चाळीस व्होल्टचा गाजावाजा त्याने केला. ते चाळीस कुठून आले, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला मात्र कोणी सांगत नव्हतं. थेंबातले रेणू त्याच्या भिंतीला धरून असतात. थेंब लहान असला की भिंतीची पकड जास्त, मग रेणू वळवायला जोरही जास्त. फिल्मची जाडी तीच ठेवून थेंबाचा व्यास निम्मा केला, तर व्होल्टेज साधारण दुप्पट लागतं. म्हणजे कमी व्होल्ट हवे असतील तर थेंब मोठे करा, झालं काम!

स्विच चालू असताना दोन्ही फिल्म सारख्याच दिसतात. रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेने उभे राहतात, समोरून येणाऱ्या प्रकाशासाठी त्यांचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास येतो, पॉलिमरही तेवढ्याच अपवर्तनांकाचा निवडलेला असतो, आणि काच स्वच्छ होते. फरक कळतो तो स्विच बंद केल्यावर. प्रकाश चांगला विखुरायला थेंब एक-दोन मायक्रॉनचा लागतो, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचा. तो चार-पाच मायक्रॉनवर गेला की तेवढ्याच जाडीत थेंब कमी मावतात, पांढरेपणा विरळ होतो आणि पलीकडच्या माणसाची आकृती दिसू लागते. मोठ्या थेंबातले रेणू मूळ जागी परततातही सावकाश, पण तो उशीर मिलिसेकंदांतला. दवाखान्यात कोणाला जाणवत नाही. आकृती दिसलेली मात्र जाणवते.

हे सगळं मला शिकवलं माझ्या भागीदाराने. तो रंगांच्या कारखान्यातून आलेला. गाळ्यात एसी बसवण्याआधी त्याने जुना पोलरायझिंग मायक्रोस्कोप विकत घ्यायला लावला. पितळी चाकांचा, जड, फोकस करताना हाताला मस्त लागणारा. आडव्या-उभ्या पोलरायझरमधून (प्रकाशाचं एकाच दिशेतलं कंपन पुढे जाऊ देणाऱ्या काचांमधून) पाहिलं की थेंबाच्या आतली रेणूंची मांडणी दिसते: प्रत्येक थेंबात काळा क्रॉस स्थिर दिसला तर मांडणी केंद्रातून बाहेर जाणारी, नाहीतर दोन ध्रुवांची. थेंब किंचित चपटे झाले की व्होल्टेज वाढतं, पण परतणं जलद होतं. लॅम्पची तीव्रता वाढवली की थेंब बारीक, खोलीचं तापमान हललं की मापही हललं. एसी मग दुसऱ्याच महिन्यात आला. भागीदार आता चिपळूणला असतो, तरी फोनवर पहिला प्रश्न लॅम्पचाच.

त्या वर्षी ओव्हरड्राफ्ट काठोकाठ भरला होता. दोन कारागिरांना सुट्टीवर पाठवावं लागलं. आयटीओ फिल्मवाल्याने उधारी बंद केली. तेव्हा नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंनी आपल्या प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीसाठी दोघांचेही नमुने मागवले. संध्याकाळी आतली ट्यूबलाइट लावून आपल्या आयाबाईंना काचेमागे उभं केलं आणि स्वतः बाहेरून पाहिलं. आमच्या काचेत काही दिसलं नाही. दुसऱ्या काचेत आयाबाईंनी हात वर केला, तो दिसला. “माझ्या पेशंटला व्होल्ट मोजायचे नाहीत,” एवढंच बोलून बाईंनी पूर्ण रकमेचा चेक आगाऊ दिला. त्यातून आयटीओचे पैसे फिटले. त्यांच्या वरच्या मजल्याचं कामही पुढे आम्हीच केलं.

त्या पुरवठादाराने काय केलं ते लिहीत नाही. पण तेव्हा आम्हाला “महागडे” म्हणणाऱ्यांनी नंतर कधी फोन करून चूक कबूल केली नाही, हे मनात आहे.

नवीन फॅब्रिकेटरांनी एवढं ऐकावं. फिल्मच्या कडेला आंबट वासाचं सिलिकोन लावू नका, न्यूट्रल वापरा. नाहीतर कडेपासून फिल्म खराब होते. बसबारच्या (फिल्मला वीज जोडायच्या पट्टीच्या) जागी आयटीओ पूर्ण उघडा करून मगच सिल्व्हर पेस्ट आणि कॉपर टेप लावा. डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, देऊ नका, आयन एका बाजूला जमतात. आणि नमुना पाहताना तिरकं उभं राहूनही पाहा, कारण चालू फिल्मसुद्धा बाजूने धूसर दिसते. हे आम्ही कोटेशनमध्येच लिहितो. कोणाच्याही रोलचा तुकडा घेऊन गाळ्यावर आलात तर थेंब दाखवतो, पैसे घेत नाही.