कीबोर्डला हात न लावणाऱ्या बाई

गेल्या शनिवारी इथे म्युनिकमध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कार्यशाळेला गेलो होतो आणि तिथल्या एका नियमाने माझे डोके दिवसभर तापले. शिकणारा कितीही अडला तरी शिकवणाऱ्याने त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, असा तो नियम.

मी अडलो ते मालकीच्या प्रश्नावर. रस्टमध्ये प्रत्येक मूल्याचा मालक एकच असतो, आणि मी एक यादी फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याच्या, मालकीसकट हवाली करून पुढच्याच ओळीत ती छापायला निघालो होतो, तेव्हा कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाने, ई०३८२ ही चूक दाखवून मला अडवले. खरे तर गोव्यात म्हार्दोळच्या आमच्या वाड्यावर वाढलेल्याला हे समजायला हवे होते: शेजारच्या काकू नारळ खवायला आदोळी, म्हणजे विळी, नेतात ती उसनी, तिची मालकीण आईच. रस्टमधली उसनवारी तशीच, फक्त अधिक कडक. उसनी वस्तू नुसती वाचायला एकाच वेळी कितीही जणांनी घ्यावी, पण कोणी बदलायला घेतली असेल, तर तेवढ्यापुरती ती इतर कोणालाही मिळत नाही. प्रोग्रॅम चालण्याआधीच कंपायलर हा हिशेब तपासतो, म्हणून मोकळी केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली जात नाही.

शिकवणाऱ्या बाई माझ्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभ्या होत्या. ‘चूक दाखवलीय त्याच्या खालचे वाचा,’ एवढेच त्या दोनदा म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मला त्याचा रागच आला. फोंड्याच्या संगणक वर्गात आमचे सर मागून वाकून चार ओळी खटाखट टंकत, ‘जालें मरे?’ म्हणत आणि प्रोग्रॅम चालू लागे. त्याला कोणी वाईट शिकवणे म्हणेल. पण दोन मुलांत एक संगणक, वीज गेली की केकाटणारा यूपीएस आणि तासभराची बॅच, यात सरांनी हात पाठीशी बांधले असते तर आमचा अभ्यासक्रम पुढच्या चतुर्थीपर्यंतही संपला नसता. इथे बारा जणांमागे तीन मार्गदर्शक होते. एवढ्या ऐसपैस कारभारात संयम कोणालाही परवडतो.

शेवटी मी खालचे वाचले. फंक्शनला यादी कायमची न देता उसनी द्या, असे कंपायलरने तिथे स्वतःच सुचवले होते आणि बदलायची जागाही दाखवली होती. इतकी वर्षे चूक सांगणाऱ्या संदेशाची पहिलीच ओळ वाचून मी थेट सरांना हाक मारत आलो होतो, हे तेव्हा ध्यानात आले. फंक्शनच्या व्याख्येत एक आणि ते वापरतो त्या ओळीत एक, असे दोन अँपरसँड, म्हणजे उसनवारी दाखवणारी & ही चिन्हे, घातले आणि यादी छापली गेली. त्यात माझी वीस मिनिटे गेली. सरांनी ते दोन सेकंदांत घातले असते.