घाबरायचं तर नक्की कशाला?

एचएमपीव्ही, तो सर्दी-खोकल्याचा व्हायरस, आठवतोय का कोणाला? फार जुनी गोष्ट नाहीये हो, जानेवारी २०२५ ची. ६ तारखेला बेंगळुरूच्या दोन तान्ह्या बाळांमध्ये सापडला अशी बातमी आली आणि त्याच दिवशी सेन्सेक्स बाराशेच्या वर अंकांनी आपटला. बाजार पडायला बाकीची पण कारणं असतील, पण टीव्हीवाल्यांनी सगळं खापर त्या व्हायरसवरच फोडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर चीनमधल्या कुठल्याशा हॉस्पिटलातल्या गर्दीचे व्हिडिओ सकाळ-संध्याकाळ, आणि खाली ठरलेला प्रश्न, परत लॉकडाऊन लागणार का?

आता गंमत अशी की हा व्हायरस नवीन नव्हताच. २००१ साली नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी त्याला पहिल्यांदा ओळखलं आणि जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले तर त्याच्या कितीतरी दशकं आधीपासून तो माणसांमध्ये फिरत होता असं दिसलं. म्हणजे तुम्हाला मला लहानपणी कधीतरी होऊन गेलेला असणार, आईने गवती चहाचा काढा दिला असणार आणि विषय संपला असणार. ती बेंगळुरूची बाळं पण कुठे परदेशात गेलेली नव्हती. तपासलं म्हणून सापडला, एवढंच.

पण नाव नवीन ना! आमच्याकडे लगेच मीटिंग. कोविडमधली ती ताप बघायची बंदूक शोधून काढली (सेल संपलेले), लॉबीतल्या पायाने दाबायच्या सॅनिटायझर स्टँडची धूळ पुसली, आणि एका काकांनी तर लिफ्टमध्ये परत थर्माकोलला टूथपिक खोचून ठेवायचा प्रस्ताव मांडला, बटणं दाबायला. त्याच मीटिंगच्या अजेंड्यावर शेवटचा मुद्दा होता पाण्याची टाकी धुण्याचा. वेळ झाला म्हणून तो पुढच्या मीटिंगवर ढकलला.

आम्ही धायरीत राहतो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, सिंहगड रोडला, पुढे नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला. कळलं ना मी कुठे चाललेय ते?

२० जानेवारीच्या आसपास बातम्या यायला लागल्या, जीबीएस, गुलेन बॅरी सिंड्रोम, आणि पेशंट कुठले तर जास्त करून आमच्याच पट्ट्यातले. हा आजार म्हणजे व्हायरस नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत पण नाही. पोट बिघडतं, जुलाब होतात, ते बरे पण होतात, आणि मग काही दिवसांनी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, पायाला मुंग्या, जिना चढताना पाय उचलत नाही, हातातला कप सुटतो, आणि जास्तच झालं तर श्वास घ्यायचे स्नायू पण ढिले पडतात आणि माणूस व्हेंटिलेटरवर. एरवी अगदी क्वचित दिसणारा आजार, तो इथे बघता बघता दोनशेच्या आसपास संशयित पेशंटपर्यंत गेला. एनआयव्हीने, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलं तर काहींच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आणि काहींच्यात नोरोव्हायरस. दोन्ही खराब पाण्यातून, अन्नातून पोटात जाणारे.

म्हणजे आपण सगळे चीनकडे डोळे लावून बसलो होतो आणि जे व्हायचं ते नळाने आलं!

त्यात त्या सॅनिटायझर स्टँडचं कौतुक सांगते. नोरोव्हायरसवर अल्कोहोलवालं सॅनिटायझर फारसं चालतच नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. लॉबीतल्या बेसिनवर साबण आहे का? नाही. वडी संपली ती संपलीच.

मग मात्र टाकीचा मुद्दा एका रात्रीत वर आला. पाणी तपासायला जो माणूस आला त्याच्याकडे एक छोटी काचेची नळी आणि एक बाटली, ओटी टेस्ट म्हणतात तिला. नळीत पाणी घ्यायचं, त्यात दोनचार थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. आम्ही सगळे ओट्याभोवती परीक्षेचा निकाल बघायला उभं राहावं तसे उभे. तळमजल्यावरच्या टाकीचं पाणी पांढरंशुभ्र, पिवळेपणाचा पत्ता नाही. टँकरचं पाणी घेतलं, तेही तसंच. तो माणूस म्हणाला, "ताई, दिसायला स्वच्छ आहे, पण दिसण्यावर काय आहे?" मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणली, एका बादलीत कालवून गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी टाकीत सोडलं, अर्ध्या तासाने परत टेस्ट, तेव्हा कुठे हलका पिवळा रंग आला. टाकी रिकामी करून धुतली तेव्हा तळाशी जे काय निघालं त्याचं वर्णन करत नाही, काही लोक जेवताना मोबाईल बघतात.

आणि तरी सुद्धा भीती कशी पळते बघा. दोन दिवसांत मेसेज आला चिकन बंद करा, मग पनीर बंद करा, मग भात शिळा खाऊ नका, मग बाहेरच्या कुठल्याच माणसाला घरात घेऊ नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना शेजारच्या विंगमध्ये एका घराने चक्क सांगितलं की तुम्ही त्या भागातून येता, पंधरा दिवस येऊ नका. अहो, जीबीएस लागट नाहीये! मावशी मला म्हणतात, "ताई, पाणी तर तुमचं नि आमचं एकाच टँकरचं आहे." काय बोलणार यावर. चिकनचं म्हणाल तर कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं नको, एवढाच त्याचा अर्थ, आणि आपल्याकडे रस्सा रटरटेपर्यंत कोण थांबत नाही? उलट कच्चं चिकन धुताना उडणारं पाणी, आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर नंतर चिरलेली काकडी, तिथे लक्ष द्यायला हवं. पण "पाट धुवा" हा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

मी पुण्यातलीच, त्यामुळे २००९ चा स्वाइन फ्लू पण पाहिलाय. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू इथे पुण्यात झाला आणि दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलबाहेर रांगाच रांगा, साधी शिंक आली तरी लोक पोराबाळांना घेऊन तपासायला उभे. खरे तापाने फणफणलेले आणि नुसते घाबरलेले, सगळे एकाच रांगेत तासन्‌तास, एकमेकांच्या तोंडाशी. फ्लू पसरायला याहून सोयीची जागा कुठली? गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी असायची, तो भाग वेगळा. पुढे सरकारनेच पेशंटचे अ, ब, क असे गट पाडले, साध्या सर्दीतापाला तपासणीची गरज नाही, घरी थांबा, गरोदर बायका, म्हातारी माणसं, दमा-डायबेटिसवाले यांना टॅमिफ्लू हे फ्लूचं औषध लवकर, आणि धाप लागणाऱ्यांना ॲडमिट करा. मला ती विभागणी आजही पटते. सगळ्यांनी सारखंच घाबरायचं नसतं, कोणाला धोका जास्त ते बघून घाबरायचं.

कोविडमध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, पेपर बंद केला, आणि नंतर कळत गेलं की मुख्य खेळ हवेचा होता, बंद खोलीतल्या. पिशव्या धुऊन आत आलो आणि खिडक्या लावून एसी सुरू केला. जाऊ दे, तो विषय काढला तर ही पोस्ट संपणार नाही.

तर मी काय करते, कारण दोघीतिघींनी विचारलं. पाणी उकळते, म्हणजे नुसतं कोमट नाही, चांगले बुडबुडे येऊन खळखळल्यावर आणखी एखाद मिनिट, आणि झाकून त्याच भांड्यात गार करते. गावाला जाताना मेडिक्लोरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांची बाटली पर्समध्ये, पण थेंब टाकले की लगेच प्यायचं नाही, अर्धा तास थांबायचं, हे घरातल्या पुरुषमंडळींना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. जेवायच्या आधी आणि बाथरूममधून आल्यावर साबण. सर्दीतापाची साथ असेल तर गर्दीत मास्क, घरात खिडकी उघडी, आणि ज्याला ताप त्याने घरी बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याकडे १०१ तापात ऑफिसला येणाऱ्याचं कौतुक होतं, "बघा किती डेडिकेटेड", आणि शाळेत शंभर टक्के हजेरीला बक्षीस. ती बक्षिसं आधी बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि डॉक्टरकडे कधी पळायचं ते फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. बाळ भराभर श्वास घेतंय, फासळ्या आत ओढल्या जातायत, दूध पीत नाही, नेहमीसारखी शू होत नाही, तर एचएमपीव्ही असो की आणखी काही, व्हायरसचं नाव शोधत बसायचं नाही, निघायचं. मोठ्यांना ताप उतरून परत चढला, धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर तेच. जुलाब होऊन गेल्यावर पायाला मुंग्या, अशक्तपणा वरवर चढतोय, गिळताना त्रास, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, "उद्या बघू" नाही. कारण जीबीएसचे बरेचसे पेशंट बरे होतात, पण लवकर पोचले तर जास्त फायदा. आणि व्हायरल सर्दीला मनानेच अँटिबायोटिक घ्यायचं नाही, गेल्या वेळची उरलेली पट्टी कपाटात असली तरी.

सासूबाई सध्या रोज सकाळी चॅनेल लावून विचारतात, "अगं, आज कुठला नवीन आलाय?" त्यांना सांगितलंय, आई, तुम्ही बीपीची गोळी वेळेवर घ्या आणि या वर्षीचं फ्लूचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घेऊन टाकू. त्या कबूल झाल्यात, अट एकच, दंडावर नको दुखायला म्हणे.

टाकी आता दर तीन महिन्यांनी धुवायची असं ठरलंय. ठराव एकमताने पास झाला, बी विंगची वर्गणी अजून यायचीये.